गाणे आपले, गोष्ट आपली, खर्च बेताचा

गौरी-गणपतीचे दिवस आले की आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात वाडीवाडीतून मृदंगाचा आवाज घुमू लागतो. मध्ये शाहीर आणि वादक बसलेले, भोवती पायांत चाळ बांधून पोरे फेर धरतात, ही जाखडीची रीत सर्वांच्या ओळखीची आहे. शिमग्यात हीच मंडळी नमन-खेळे उभे करतात. गण, गवळण, संकासुर असे करीत रात्र सरते. यातली पुष्कळशी गाणी त्याच वाडीतल्या कुणीतरी रचलेली असतात. तो शाहीर एरवी भात लावतो, आंब्याच्या बागेत राखणीला जातो किंवा मुंबईत नोकरी करून सणाला गावी येतो.

पूर्वी हे गाणे त्या रात्रीपुरते असे. पुढे ध्वनिफिती आल्या, मग सीडी आल्या, आणि आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. साहजिकच घरातला तरुण म्हणतो, "दादा, तुमच्या गाण्याचा व्हिडिओ काढू या." इच्छा चांगली आहे. अडचण पुढे सुरू होते. शहरातून कुणी येतो आणि सांगतो की चार कॅमेरे लागतील, उडता कॅमेरा लागेल, नाचणाऱ्या मुली बाहेरून आणाव्या लागतील. मग आंब्याच्या दलालाकडून घेतलेली उचल त्यात जाते. कुठे गोठ्यातली दुभती म्हैस जाते, तर कुठे घरधनिणीच्या गळ्यातला दागिना.

शेतीचा सल्ला देणाऱ्या माणसाने गाण्याच्या चित्रफितीवर का लिहावे, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर एवढेच की पैसा शेतातलाच आहे. खताला ठेवलेला पैसा गाण्यात गेला आणि गाणेही दुसऱ्याच्या नावावर झाले, तर ते घर दोन्हीकडून बुडते. तेव्हा हे काम बेताच्या खर्चात, पण नीटनेटके कसे करता येईल, ते पाहू या.

फाळक्यांनी आधी वाटाणा पेरला

आपल्या देशात चित्रपटाचा धंदा उभा केला तो त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी. १९१२ साली ते विलायतेहून कॅमेरा घेऊन आले. पण मोठा चित्रपट काढायला भांडवल नव्हते. त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि रोप वाढत असता दिवसागणिक थोडे थोडे चित्रण केले. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिट-दीड मिनिटात दिसली. दाणा फुटतो, कोंब वर येतो, वेल चढतो. 'अंकुराची वाढ' नावाची ती छोटी चित्रफीत पाहून लोकांचा विश्वास बसला आणि भांडवलाची सोय झाली. त्यानंतर 'राजा हरिश्चंद्र' तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसमोर आला.

त्या कामी सरस्वतीबाई फाळके यांचे दागिने गहाण पडले होते, हे खरे आहे. कुणी म्हणेल, मग आम्हीही ठेवतो. पण क्रम ध्यानात घ्यावा. फाळक्यांनी आधी एका दाण्याचा नमुना करून दाखविला, मोठी उडी त्यानंतर घेतली. शिवाय त्यांना यंत्र विलायतेहून आणावे लागले. आपल्याजवळ ते खिशात आहे. नवे बियाणे आले की शहाणा शेतकरी ते साऱ्या रानात टाकीत नाही, एका वाफ्यात पेरून पाहतो. गाण्याचेही तसेच करावे. आधी मुखड्यापुरते अर्ध्या मिनिटाचे चित्रण करावे, घरच्यांना आणि वाडीतल्या चार जाणत्यांना दाखवावे, आणि मग पुढचे ठरवावे.

आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. सरस्वतीबाई कच्च्या फितीला भोके पाडण्याचे किचकट काम करीत आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही पाहत. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके साडी नेसून उभे राहिले. नमनातल्या गवळणी आपल्याकडे पुरुषच करीत आले आहेत, त्यामुळे आपल्याला यात नवल वाटायचे कारण नाही. घरची आणि वाडीची माणसे हाताशी धरून आपल्या चित्रपटाची सुरुवात झाली, एवढे लक्षात ठेवावे.

बैलगाडीवरचा कॅमेरा

अलीकडचे उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावचे आहे. यंत्रमागावर राबणाऱ्यांच्या या गावात नासिर शेख नावाचे गृहस्थ व्हिडिओ पार्लर चालवीत. त्यांनी गावातलीच माणसे घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. मूळ चित्रपटात डाकू घोड्यांवरून येतात, मालेगावचे डाकू सायकलींवरून आले. कॅमेरा उंच न्यायला यारी नव्हती, तेव्हा बैलगाडी कामास आली. ही मंडळी कशी काम करीत, त्यावर फैझा अहमद खान यांनी माहितीपट काढला आणि २०२५ साली त्यांच्या कहाणीवर 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा मोठा हिंदी चित्रपट आला.

मालेगावच्या लोकांनी जे नाही त्याची लाज धरली नाही. घोडा नाही तर सायकल घेतली आणि तीच पाहणाऱ्याला आवडली. आपल्याकडे तर सायकल आहे, हातगाडी आहे, खाडीत होडी आहे. शांत पाण्यावर होडीतून घेतलेले किनाऱ्याचे चित्र असे अलगद सरकते की भाड्याच्या यंत्राची गरज पडत नाही.

गोष्ट एका वाक्यात सांगता आली पाहिजे

गाण्याच्या चित्रफितीत चार मिनिटे असतात. तेवढ्यात मोठी कादंबरी मावत नाही. म्हणून पहिला नियम असा की गोष्ट एका वाक्यात सांगता आली पाहिजे. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडने २०२४ साली 'गुलाबी साडी' हे गाणे स्वतः लिहिले आणि गायिले. देशभर ते वाजले. त्यातली गोष्ट काय? साडी नेसून नटलेल्या बाईला आपला फोटो काढून हवा आहे, एवढीच. पण ती घरोघरी घडणारी आहे, म्हणून लगेच पोहोचते.

दुसरा नियम असा की गायकाने सारा वेळ कॅमेऱ्याकडे पाहून ओठ हलवलेच पाहिजेत असे नाही. अमेरिकेचा गायक बॉब डिलन याचे १९६५ साली लंडनच्या एका गल्लीत असे चित्रण झाले. तो नुसता उभा आहे, गाण्यातले शब्द लिहिलेले पुठ्ठे हातात आहेत आणि एकेक पुठ्ठा तो खाली टाकतो आहे. कॅमेरा जागचा हलत नाही. जगभर ते चित्रण आजही दाखवितात. आपला शाहीर वयस्क असेल, कॅमेऱ्यापुढे बुजत असेल, तर त्याला ओटीवर सुपारी कातरत बसू द्यावे. गाणे मागे वाजत राहील आणि गोष्ट दुसरी माणसे सांगतील.

नमुन्यादाखल एक गोष्ट मांडतो. बापाने पूर्वी जाखडी गाजवलेली आहे, आता गुडघे धरले आहेत. त्याचा चाळ खुंटीला टांगलेला आहे. मुलगा मुंबईला आहे आणि त्याला नाचाची गोडी नाही. गोडी आहे ती बारावीत शिकणाऱ्या मुलीला, पण ती बोलत नाही.

मुखडा: सकाळ. मुलगी अंगण सारवते आहे. हात फिरतो तो मृदंगाच्या तालावर. बाप ओटीवरून पाहतो आणि मान फिरवतो.

पहिले कडवे: शेतात बेणणी चालू आहे. चिखलात मुलीचे पाय ताल धरतात. शेजारीण हसते, आई डोळे वटारते.

दुसरे कडवे: मुंबईहून भाऊ येतो. बाप मोठ्या आशेने चाळ खाली काढून त्याच्यापुढे धरतो. तो मोबाईलमध्ये गुंतलेला. बाप चाळ पुन्हा खुंटीला अडकवतो. दारातून मुलीने हे पाहिले आहे.

तिसरे कडवे: रात्री आरती झाली आहे, फेर धरायला एक गडी कमी आहे. मुलगी उंबऱ्यात उभी. बाप उठतो, चाळ काढतो आणि गुडघे दुखत असता खाली बसून तो स्वतः मुलीच्या पायात बांधतो.

शेवटचा मुखडा: नुसते पाय दिसतात. मग बापाचा चेहरा.

या गोष्टीला किती खर्च आला? एक घर, एक अंगण, एक शेताचा तुकडा आणि पाच-सहा माणसे. चाळ घरचाच आहे. बाहेरून कुणी आणले नाही. आणि तरीही पाहणाऱ्याला शेवटी काहीतरी वाटेल, कारण त्या खुंटीवरच्या वस्तूकडे त्याचे चार मिनिटे लक्ष लागून राहिले आहे. गोष्टीला अशी एक वस्तू असावी. ती सुरुवातीला दिसावी, मध्ये नाकारली जावी आणि शेवटी कुणाच्या तरी हाती पोहोचावी.

निसर्गाचे वेळापत्रक

शहरातले लोक देखावा उभारायला पैसे मोजतात. आपल्याकडे तो महिन्यागणिक बदलतो, मात्र तो आपली वाट पाहत थांबत नाही. जूनमध्ये मृगाचा पाऊस आणि तरव्याची कोवळी हिरवळ. जुलैत लावणी, चिखल, इरली आणि बैल. सप्टेंबरच्या सुमारास कातळाच्या सड्यावर रानफुले. ऑक्टोबरात पिवळे भात आणि कापणी. थंडीत आंब्याचा मोहर. फाल्गुनात शिमगा आणि पालखी. एप्रिल-मे मध्ये आंब्याची काढणी आणि पेट्या भरण्याची धांदल. गाण्यात लावणी असेल तर चित्रण लावणीतच करावे. भाऊबंदांच्या शेतात काम चालूच असते, ते आपल्यासाठी मुद्दाम करावे लागत नाही.

काही पथ्ये मात्र पाळावीत. लावलेल्या भातात नाचू नये. फवारणी झालेल्या मोहराखाली मुलांना उभे करू नये. पावसाळ्यात समुद्राच्या आणि वहाळाच्या पाण्यात कुणाला उतरवू नये. बांबूला कॅमेरा बांधून उंच करताना वरून विजेची तार जात नाही ना, हे आधी पाहावे. सड्यावर कातळशिल्पे असतील तर त्यांवर पाय देऊ नये, आपल्या पूर्वजांचा तो ठेवा आहे. संरक्षित किल्ल्यात चित्रण करायचे तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्यावी. उडत्या कॅमेऱ्यालाही सरकारी नियम आहेत. रत्नागिरीच्या विमानतळाजवळ तर विनापरवाना तो उडवूच नये. नाही तरी घरातली गोष्ट सांगायला आकाशात जाण्याची गरज नसते.

प्रत्यक्ष काम

आधी गाणे ध्वनिमुद्रित करून घ्यावे आणि मग चित्रण करावे. चित्रणाच्या जागी ते मोठ्याने वाजवावे म्हणजे नाचणाऱ्यांचा ताल आणि ओठ जुळतात.

चार मिनिटे म्हणजे २४० सेकंद. एक चित्र सरासरी पाच सेकंद टिकते असे धरले, तर सुमारे ४८ चित्रे लागतात. वहीत १ ते ४८ आकडे घालावेत आणि प्रत्येकापुढे लिहावे की काय दिसते, कोण आहे, जागा कोणती, वेळ कोणती. मग एका जागेची सारी चित्रे एकदम उरकावीत, गाण्यातला क्रम नंतर जुळविता येतो. दिवसाला २४ चित्रे धरली तर दोन दिवसांत काम होते. ही वही नसेल तर चार दिवस जातात आणि चार दिवस माणसांना जेवू घालावे लागते. खर्च खरा वाढतो तो इथेच.

उजेड सकाळी नऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर चांगला असतो. डोक्यावर ऊन असता चेहऱ्यावर, डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. त्या वेळी घरातली कामे, ओटीवरची चित्रे घ्यावीत. चेहरा काळवंडत असेल तर समोरून पांढरे धोतर किंवा थर्माकोलचा पत्रा धरावा, ऊन उलटून चेहऱ्यावर येते.

मोबाईल हातात धरू नये, तिपाईवर ठेवावा. भिंग स्वच्छ पुसावे. आपल्याकडची वीज ५० आवर्तनांची आहे. मोबाईलमध्ये सेकंदाला ३० चित्रे ठेवली तर ट्यूबलाइटच्या उजेडात पडदा लुकलुकल्यासारखा दिसू शकतो. २५ ठेवली तर ही खोट बहुधा जाते. रोज संध्याकाळी सारे चित्रण दुसऱ्या ठिकाणीही उतरवून ठेवावे. संकलनासाठी डाविंची रिझॉल्व्हसारखी संगणकावरची साधने फुकट मिळतात. शिकायला महिना लागेल, पण घरातला एक मुलगा किंवा मुलगी ते शिकली तर पुढच्या प्रत्येक गाण्याचा खर्च वाचतो.

आता हिशेब. भाव गावोगावी वेगळे असतात, ही केवळ मांडणी समजण्यासाठी आहे. गाणे तयार आहे आणि मोबाईल घरचा आहे असे धरू. बारा माणसांचे दोन दिवसांचे जेवण-चहा, माणशी रोज १५० रुपये, म्हणजे ३,६०० रुपये. गाडीभाडे २,०००. तिपाई १,५००. कपडे व किरकोळ साहित्य १,२००. संकलन बाहेरून केल्यास २,५००. अडीअडचणीला राखीव १,२००. एकूण १२,००० रुपये. जेवणाचा आकडा सर्वांत मोठा आहे, आणि तो कमी करू नये. फुकट राबणाऱ्या माणसाला निदान पोटभर जेवण मिळालेच पाहिजे.

गाण्याचा सातबारा

एवढे करून चित्रफीत तयार झाली आणि कुणी कंपनीवाला म्हणाला, "आमच्याकडे द्या, आम्ही लाखो लोकांपर्यंत नेतो," तर सही करण्यापूर्वी थांबावे. जमिनीचा कागद आपण चारचौघांना दाखविल्याशिवाय करीत नाही. गाण्याचाही कागद जमिनीसारखाच आहे.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गीत रचताच ते रचणाऱ्याच्या मालकीचे होते, नोंदणी सक्तीची नाही. हा हक्क त्याच्या हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षे वारसांकडे राहतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे समजली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता समजला जातो. म्हणूनच 'कायमचा' आणि 'साऱ्या जगासाठी' असे शब्द कागदात घातलेले असतात, ते नीट वाचावेत. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकार आणि संगीतकार यांचा स्वामित्वधनातला वाटा राखला गेला. तो वाटा सोडून दिल्याची सही घेतली तरी ती कायद्याला मान्य नाही. हे हक्कधन गोळा करून देणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही संस्था १९६९ पासून आहे, शाहिरांनी तिचे सभासदत्व घेण्याचा विचार करावा.

याची दुसरी बाजूही आहे. आपल्याकडे सिनेमाच्या चालीवर शब्द बसविण्याची सवय फार. वाडीतल्या फेरात ते खपून जाते. पण तीच चाल चित्रफितीत गेली की चालीचा मालक दावा सांगतो आणि मिळणारे उत्पन्न त्याच्याकडे जाऊ शकते. पारंपरिक चाल घ्यावी किंवा नवी बांधावी. दुसऱ्या शाहिराचे गीत असेल तर त्याची, तो हयात नसेल तर त्याच्या वारसांची लेखी संमती घ्यावी. चित्रणात दिसणाऱ्या बायामाणसांना आणि मुलांच्या आईबापांना आधी विचारावे. संपूर्ण नावे शेवटी पडद्यावर लिहावीत, त्यात मृदंगवाला आणि भात रांधणारी काकूही यावी.

मिळकत किती?

यूट्यूबवर गाणे टाकताच पैसा सुरू होतो, हा समज चुकीचा आहे. जाहिरातीचा वाटा मिळण्यासाठी १,००० वर्गणीदार आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहणे झाले पाहिजे, अशी नेहमीची अट आहे. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. चार मिनिटांचे गाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत ६०,००० वेळा पाहिले गेले तर ते भरतात, आणि पुष्कळ लोक मध्येच सोडून देतात. ही पायरी चढल्यानंतर मिळकतीला फक्त सुरुवात होते.

म्हणून या कामाला कर्ज काढू नये. उचल, पीककर्ज, दागिना, जनावर यांना हात लावू नये. वर्षभरात मंडळाने वर्गणी काढावी, कार्यक्रमाच्या बिदागीतून थोडे बाजूला ठेवावे आणि जमेल तेवढ्यात करावे. एका वर्षी एकच गाणे झाले तरी चालेल. दहा वर्षांत दहा होतील आणि दहाही आपल्या मालकीची असतील.

आपल्या वाड्यांतले जुने शाहीर एकेक करून जात आहेत. पुष्कळांची गाणी वहीतच राहिली, आणि वह्या वाळवीने खाल्ल्या. त्यांचा आवाज, त्यांचा चेहरा, सारवलेले अंगण आणि त्या अंगणातले पाय टिपून ठेवणे आता एका साध्या मोबाईलला शक्य झाले आहे. यंदा भाताची बेणणी आटोपली की गणपतीपूर्वी थोडी उसंत मिळते. घरातल्या मुलामुलींनी त्या दिवसांत शाहिराजवळ बसावे, वही उघडावी आणि पहिल्या पानावर गोष्ट एका वाक्यात लिहावी. या कामाला अजून एक रुपयाही लागलेला नसेल, आणि निम्मे काम झालेले असेल.